हातातल्या कटरने काँक्रीट आणि पाइप कापणं : नवशिक्यांसाठी, पहिल्यापासून

गणपती झाले की ठाण्यात आणि नवी मुंबईत प्रत्येक सोसायटीत कुणाचं ना कुणाचं काम निघतंच. कुणाला बाथरूमची लाइन बदलायची असते, कुणाला किचनमध्ये आरओसाठी नवा पॉइंट हवा असतो, तर खाली आवारात ड्रेनेजचा जुना पाइप खचलेला असतो, आणि मग मिस्त्री तारखा देत राहतो किंवा त्याने सांगितलेला आकडा ऐकून लोक म्हणतात चला आपणच कटर आणू. आणा, काही हरकत नाही, मशीन शिकता येतं. हा लेख अशा लोकांसाठी आहे आणि साइटवर नव्याने लागलेल्या पोरांसाठी पण आहे, कारण त्यांना कुणी काही सांगत नाही, हातात मशीन देतात आणि म्हणतात घे, मार कट.

कटिंगमधले बहुतेक घोळ बटण दाबायच्या आधीच होऊन बसलेले असतात. पातं चुकीचं लावलेलं असतं, पाइपला टेकू नसतो, भिंतीत काय आहे ते कुणी बघितलेलं नसतं. त्यामुळे या लेखाचा पहिला अर्धा भाग मशीन बंद असतानाचाच आहे, तो गाळून पुढे जाऊ नका.

कुठलं मशीन

घरातल्या कामाला साधारण तीन मशीनं समोर येतात. मार्बल कटर, ज्याला ४ किंवा ५ इंची पातं लागतं आणि जे जेमतेम ३०-३५ एमएम खोल जातं. अँगल ग्राइंडर, ४ इंचापासून ९ इंचापर्यंत. आणि पेट्रोलवर चालणारा मोठा कट-ऑफ सॉ, १२ किंवा १४ इंची पात्याचा, ज्यात १४ वाला साधारण १२५ एमएम खोल जातो. हा शेवटचा दहा किलोच्या आसपासचा असतो आणि त्याच्या पात्याची कड ताशी ३०० किलोमीटरच्या वर पळते. छोटं ग्राइंडरसुद्धा ताशी २०० ला पोचतं, म्हणून 'छोटं आहे, काही होत नाही' हे डोक्यातून काढा. मोठं मशीन विकत घेण्यात अर्थ नाही, ते भाड्याने मिळतं. आणि पेट्रोलवालं मशीन घरात, बेसमेंटमध्ये किंवा खोल चरात उतरून चालवायचं नाही म्हणजे नाही, खिडकी उघडी ठेवून सुद्धा नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आधी नुसता सुस्तावतो.

आता भिंत बघा

भिंत हातोडीने हलकेच ठोका आणि एका कोपऱ्यात छोटं भोक पाडून बघा. लाल भुगा आला तर वीट, पांढरट हलका भुगा आला आणि ड्रिल लोण्यासारखं गेलं तर एएसी ब्लॉक (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा), आणि ड्रिल नुसतं किंचाळत बसलं तर आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट. घोडबंदर रोडचे टॉवर असोत नाहीतर खारघर-उलव्याचे, नव्या बऱ्याच बिल्डिंगी मिवान शटरिंगच्या असतात, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि त्या बिल्डिंगचा भार घेतात. तिथे झिरी (लाइन लपवायला भिंतीत पाडतात ती खाच) मारायची नाही, एसीच्या पाइपसाठी नाही आणि टीव्हीच्या वायरीसाठी पण नाही. पट्टी लावून लाइन भिंतीच्या बाहेरूनच न्या, दिसायला थोडी वाईट दिसेल, दिसू द्या.

कॉलम, बीम, स्लॅब यांना स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लेखी परवानगीशिवाय पातं लावायचं नाही. आयएस ४५६ (काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक) मध्ये सळईवरचं काँक्रीटचं कव्हर साध्या हवामानात स्लॅबला २० एमएम दिलंय आणि कॉलमला कमीत कमी ४०. म्हणजे तुमचा साधा मार्बल कटर पूर्ण खोल गेला तर स्लॅबमधल्या सळईला भिडू शकतो, आणि आपल्याकडे खाडीची खारी हवा असल्यामुळे उघडी पडलेली सळई किती पटकन फुगते ते वाशी-नेरूळच्या जुन्या बिल्डिंगींच्या छज्जांकडे वर मान करून बघा. पार्किंगचे पोडियम आणि ऑफिसांचे मोठे स्लॅब बऱ्याचदा पोस्ट-टेन्शनवाले असतात, त्यात ताणलेल्या केबली असतात. ती केबल कापली गेली तर ती सुटताना काँक्रीट फोडून बाहेर येते, तिथे ड्रिलसुद्धा विचारल्याशिवाय नको.

विटेच्या भिंतीत झिरी चालते पण तिलाही माप आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. ४ इंची भिंत धरली तर उभी सव्वा इंचापर्यंत आणि आडवी जेमतेम अर्धा-पाऊण इंच, म्हणूनच जाणकार प्लंबर लाइन वरून खाली आणतो, आडवी फिरवत बसत नाही. पलीकडच्या बाजूने शेजाऱ्याने त्याच जागी झिरी मारलेली असेल तर आणखी सांभाळून.

मग आतलं. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरी असतातच असं धरून चाला, त्या खोलीचे एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा. गिझरची, नळाची लाइन कुठून गेलीय ते आधीच्या मालकाकडे फोटो असतील तर मागून घ्या. महानगर गॅसची लाइन जवळ असेल, घरात किंवा आवारात, पिवळा पाइप दिसला की थांबायचं आणि त्यांना फोन करायचा, स्वतः सरकवून बघायचा नाही. गेटच्या बाहेर रस्ता लागला तर तो आपला नाही, तिथे महापालिकेची परवानगी लागते. खोदकाम असेल तर 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी ॲप २०२३ पासून आहे, त्यावर आधी कळवलं की खाली केबल-पाइप असलेल्या कंपन्यांपर्यंत निरोप जातो.

बाथरूमची फरशी कापणार असाल तर खालचं वॉटरप्रूफिंग फाटणार आणि खालच्या फ्लॅटवाल्यांच्या छताला ओल येणार हे धरूनच खर्च काढा.

पातं

काँक्रीटला डायमंड पातं, कडेला खाचा असलेलं. टाइलला अखंड कडेचं. लोखंडी पाइपला मेटल कटिंगची रेझिनची चकती. एकाच पात्याने सगळं होतं असं दुकानदार सांगेल, तो विकायला बसलाय. पात्यावर छापलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त किंवा निदान तेवढा असलाच पाहिजे. इथेच सगळ्यात मोठा गाढवपणा चालतो, ४ इंची ग्राइंडरचं गार्ड (पात्यावरचं अर्धगोल झाकण) काढून त्यात ७ इंची चकती बसवतात. ते मशीन ११,००० च्या आसपास फिरतं आणि ७ इंची चकती साधारण ८,५०० पर्यंतच फिरवायची असते, म्हणजे ती फुटणारच, फक्त कधी ते सांगता येत नाही, आणि फुटली की तुकडा अडवायला गार्ड नाही. गार्ड काढलेलं मशीन कुणी दिलं तर काम नाही करत म्हणून सांगा. तसंच ग्राइंडरवर लाकूड कापायचं दातेरी पातं लावलेलं दिसलं तर तिथून लांब उभे राहा.

रेझिनच्या चकतीच्या मधल्या लोखंडी रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती तारीख उलटून गेली असेल तर ती चकती टाकून द्या. पावसाळाभर सिमेंटच्या गोणीशेजारी ओलीत पडलेली चकती तारखेत असली तरी नको. मधलं भोक स्पिंडलवर नीट बसलं पाहिजे, टेप गुंडाळून बसवायचं नाही. डायमंड पात्यावर बाण असतो, तो मशीनवरच्या बाणाच्या दिशेनेच. पातं बदलताना प्लग काढलेला असावा, बटण बंद आहे एवढ्यावर भागवू नका. नवीन पातं लावल्यावर मशीन जमिनीकडे धरून, पात्याच्या रेषेतून बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरवा. थरथरलं तर काढा.

धूळ, आणि पाणी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडे याला कुणी मोजतच नाही. काँक्रीट, वीट, टाइल, ग्रॅनाइट सगळ्यात सिलिका असते. कापताना जी धूळ दिसते ती नाकात अडकते, खोकला येतो, निघून जाते. खरा त्रास देते ती न दिसणारी, काही मायक्रॉनची, ती फुप्फुसात खोल बसते आणि बाहेर येत नाही. सिलिकोसिस त्याचंच नाव, तो बरा होत नाही, आणि आपल्या कायद्यात तो नोंद करायलाच हवी अशा रोगांच्या यादीत आहे. एक दिवस घरचं काम करणाऱ्याला लगेच होणार नाही हे खरं, पण रोज कापणाऱ्या पोराला होतो आणि तोवर तो गावाला परत गेलेला असतो. तोंडाला गुंडाळलेला पंचा किंवा रुमाल ही धूळ अडवत नाही. एन९५ मास्क नीट दाबून बसवलेला, दाढी न वाढवलेल्या चेहऱ्यावर, हा कमीत कमी, आणि तोही पाण्यासोबत. कोरडं कापायचं असेल तर एन९५ पुरत नाही, मग एफएफपी३ (एन९५ पेक्षा जास्त धूळ गाळणारा) किंवा फिल्टरवाला मास्क आणि धूळ ओढणारा व्हॅक्युम.

पाणी म्हणजे काय तर आपल्या साइटवर बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडून एक पोरगा शेजारी उभा राहून पिचकारी मारतो. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण तो पोरगा पात्यापासून हातभर अंतरावर, चष्म्याशिवाय, चप्पल घालून उभा असतो आणि त्याचं लक्ष मोबाइलकडे गेलं की पाणी बंद. मोठ्या कट-ऑफ सॉला पाण्याची नळी जोडायची सोय असते, मिनिटाला कमीत कमी अर्धा लिटर पाणी थेट पात्यावर पडलं पाहिजे. नळ लांब असेल तर झाडांवर फवारणी करतात तो पाच लिटरचा हातपंप जोडा, अर्ध्या लिटरने दहा मिनिटं पुरतो, तेवढ्यात हातालाही विश्रांती लागतेच.

पण पाणी कुठल्या मशीनला चालतं ते बघा. साधं अँगल ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेलं नसतं. मार्बल कटरला नळी जोडायची जागा दिली असेल तरच पाणी, आणि तेही फरशीवर, जिथे पाणी खाली वाहून जातं. उभ्या भिंतीवर पाणी मारलं की ते ओघळून तुमच्या हातावर आणि मोटरीत येतं. भिंतीतल्या झिरीसाठी दोन पात्यांचा वॉल चेसर आणि व्हॅक्युम भाड्याने घ्या, एकदा वापरलात तर परत कधी साध्या कटरने झिरी मारणार नाही, घरही राहण्यालायक उरतं.

वीज

ओलं काम आणि वीज एकत्र आलं की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की सप्लाय तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, डीबीत म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीत असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून बघा, खटकन पडला तर ठीक, नाही पडला तर आधी इलेक्ट्रिशियन. प्लगशिवाय नुसत्या वायरी सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्या खोचून लावतात ना, ते नको. एक्स्टेंशनचं भेंडोळं पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं तसंच वापरलं तर तापतं, आणि जोड ओल्या जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा.

अंगावर काय : पूर्ण बंद गॉगल, कानाला मफ, बंद बूट, पायघोळ पँट, हाताला घट्ट बसणारे हातमोजे. ओढणी, गळ्यातली चेन, हातातले गंडेदोरे, सैल बाह्या हे सगळं बाजूला. ऑक्टोबरच्या घामात गॉगलवर वाफ धरते, मग लोक तो कपाळावर चढवतात. थांबा, पुसा, परत घाला.

पहिला कट

पहिला कट भिंतीवर मारू नका. कुठल्याही फुटपाथच्या कामाजवळ फुटका पेव्हर ब्लॉक मिळतो, विचारून आणा. तो वाळूत रोवा किंवा दोन फळ्यांमध्ये पाचर मारून घट्ट करा, पायाने दाबून धरायचा नाही.

खडूने रेघ मारा. पाय फाकवून उभे राहा, मशीन दोन्ही हातांनी, अंगठा हँडलखालून वळवून, आणि तुमचं डोकं आणि छाती पात्याच्या सरळ रेषेत येणार नाही असे थोडे बाजूला. मशीन हवेतच सुरू करा, पूर्ण वेग येऊ दे, मगच टेकवा. पहिल्यांदा रेघेवरून फक्त सेंटिमीटरभर खोल घळ पाडत जा, ही घळ सरळ आली की पुढचं पातं तिच्यातूनच चालतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत खोली वाढवा, एका दमात पूर्ण खोल घालायचं नाही. मशीनला त्याच्या वजनाने जाऊ द्या, जोर लावलात तर आवाज जड होतो, जड झाला की हात सैल सोडा. पातं घळीत असताना मशीन वाकडं करायचं नाही, गोलाई कापता येत नाही, चौकोनी भोक हवं असेल तर कोपऱ्याच्या थोडं आधी थांबून शेवटचं छिन्नीने काढा.

झटका कशाने बसतो ते समजून घ्या. पात्याचा जो पुढचा वरचा चतकोर भाग आहे तो कशाला अडकला की मशीन वर आणि मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे येतं, इतक्या पटकन की हात सावरत नाही. म्हणून खालच्या भागाने कापा. दुसरं म्हणजे कट मिटला आणि पातं चिमटीत सापडलं की पण तेच होतं. खांद्याच्या वर मशीन धरून कापायचं नाही आणि शिडीवर उभं राहून तर नाहीच. बटण सोडल्यावर पातं काही सेकंद फिरतच असतं, ते थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका.

पातं कापेनासं झालं आणि नुसतं घासतंय असं वाटलं तर दर वेळी ते संपलेलं नसतं, कडक काँक्रीटवर डायमंडवर चकाकी चढते. एएसी ब्लॉकच्या तुकड्यात दोन-चार कट मारा, परत धरायला लागतं.

पाइप

आधी कुठला पाइप ते बघा. पीव्हीसी, सीपीव्हीसीला कटर लावूच नका, तो वितळतो, कड फुगते आणि जोड गळतो. हॅकसॉ किंवा पाइप कटर कात्री. जुन्या बिल्डिंगीत पावसाच्या पाण्याचे राखाडी-पांढरट सिमेंटचे पाइप असतात, एमआयडीसीच्या शेडवर तसलेच पत्रे असतात, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. त्याला कुठलंच पॉवर मशीन लावायचं नाही. ओला करून जोडातून अख्खा उतरवायचा, फोडायचा नाही, आणि हे काम माहीतगाराचं.

जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप कापताना गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडा, पाणी पूर्ण उतरू द्या, नाहीतर पहिल्या चिरेतूनच पाणी थेट ग्राइंडरवर उडतं. ठिणग्या कुठे जातात ते बघा, थिनरचा डबा, सोफ्याचा फोम, शेजाऱ्याचे वाळत घातलेले कपडे. ड्रेनेजच्या पाइपात आणि चेंबरमध्ये गॅस साचलेला असतो, झाकणं उघडून भरपूर वेळ हवा खेळू द्या, ठिणगीवालं मशीन तिथे नको, आणि चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही.

डक्टमधला ४ इंची बिडाचा (ओतीव लोखंडाचा) उभा पाइप हा वेगळा प्रकार. वरच्या मजल्यांचं सगळं वजन त्यावर असू शकतं, कट पूर्ण झाला की वरचा भाग खाली बसतो आणि पातं चिमटीत. कटाच्या वर आणि खाली दोन्हीकडे भिंतीत घट्ट क्लॅम्प हवेत. वरच्या सगळ्या फ्लॅटना सांगा की तासभर फ्लश करू नका, आणि व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, बेल वाजवून सांगा. खरं तर अशा अरुंद जागी पात्यापेक्षा साखळीचा पाइप कटर बरा, साखळी गुंडाळून आवळत गेलं की बीड कडकन तुटतं, ठिणगी नाही, धूळ नाही.

आता आवारातला हुम पाइप, म्हणजे ड्रेनेजचा काँक्रीटचा पाइप. समजा १२ इंची आहे, त्याचा फूटभर तुकडासुद्धा २५-३० किलोच्या घरात जातो. तो दोन ओंडक्यांवर ठेवला आणि मधे वरून कापायला लागलात तर पाइप स्वतःच्या वजनाने मधे बसतो, खालची बाजू उघडते आणि वरची मिटते, आणि पातं नेमकं वरच असतं. एका टोकाला लोंबता ठेवला तर उलटं, कट वरून उघडत जातो पण शेवटी तुकडा एकदम सुटून पायावर येतो. म्हणून टेकू कटाच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ द्या. सगळ्यात सोपं म्हणजे वाळूचा जाड थर करा, त्यावर पाइप आडवा ठेवा, कटाच्या खाली हाताने थोडी वाळू काढून पोकळी करा आणि दोन्ही अंगांना पाचरी ठोका म्हणजे तो घरंगळणार नाही.

गोल पाइपवर सरळ रेघ मारायला जुन्या फ्लेक्सची पट्टी कापा, कुठल्याही भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चालतो, ठाण्यात त्याला तोटा नाही. पट्टी पाइपभोवती दोनदा गुंडाळून कडेवर कड जुळवली की रेघ बरोबर काटकोनात येते.

मग वरचा भाग कापा, पाइपच्या जाडीएवढाच, मशीन बंद करून बाजूला ठेवा, पाचरी काढा, पाइप थोडा फिरवा, परत पाचरी ठोका, परत वरूनच कापा. कंटाळवाणं आहे पण पातं कायम तुमच्या समोर आणि खालच्या भागाने कापत राहतं. गोल पूर्ण होत आला की कटात लाकडी पाचरी हलक्या हाताने बसवा, म्हणजे कट मिटत नाही. सगळ्यात शेवटचा कट वरच आला पाहिजे. पाइप जमिनीत गाडलेला असेल, फिरवता येत नसेल, तर खालची बाजू कापायला पात्याचा वरचा भाग वापरावा लागतो, म्हणजे तोच झटक्याचा चतकोर. ते काम नवशिक्याने करायचं नाही, माणूस बोलवा. भिंतीतून किंवा स्लॅबमधून पाइप आरपार न्यायला गोल भोक हवं असेल तरी कोअर कटिंगवाल्याला बोलवा, चौकोन कापून मग सिमेंट भरत बसणं फुकट आहे.

आवरताना

दुपारी दोन ते चार मशीन लावू नका, बऱ्याच सोसायट्यांचा तसा नियम असतो आणि नसला तरी दुसऱ्या मजल्यावरचे काका असतात. कटाचं जे राखाडी पाणी साचतं ते ओलं असतानाच फावड्याने गोळा करून गोणीत भरा. वाळलं की त्याचीच परत धूळ होते, आणि न्हाणीत ओतलंत तर आत दगड होऊन बसतं. ते अंगाला लागू देऊ नका, ओलं सिमेंट कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन मग थेट डॉक्टरकडे. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं पांढरी पडली तर आजचं काम संपलं, ते मशीनच्या थरथरीमुळे होतं आणि रोज रेटलं तर कायमचं राहतं.

पाण्यावर चालवलेलं मशीन पाणी बंद करून मिनिटभर मोकळं फिरवा म्हणजे पातं कोरडं होतं. मग प्लग काढून पातं उतरवा, गार्डच्या आत चिकटलेला राडा ओल्या फडक्याने काढा. भाड्याचं असेल तर नेतानाच दुकानदारासमोर गार्डचा आणि पात्याचा फोटो काढून ठेवा, डिपॉझिट कापायला त्यांना कारण लागत नाही.